बाबागाडी शिडीपाशी घ्या, शिडीपाशीच परत द्या

प्रति,
देशांतर्गत विमान कंपन्यांचे प्रवासी सेवा विभाग, त्यांच्यासाठी सामान हाताळणाऱ्या संस्था आणि विमानतळांचे व्यवस्थापक यांस

स.न.वि.वि.

तुमच्या बहुतेकांच्या नियमांत एक ओळ असते: तान्ह्या बाळासोबत घडीची एक स्ट्रोलर मोफत. ओळ चांगली आहे, तिच्याबद्दल आभार. पण ती तिथेच संपते. गाडी नेमकी कुठपर्यंत न्यायची, परत कुठे मिळणार, मोडली तर कोण भरून देणार, याबद्दल पुढे अवाक्षर नाही. जे लिहिलेलं नाही ते मग काउंटरवर बसलेला माणूस ठरवतो, आणि दर वेळी वेगळं ठरवतो.

स्ट्रोलर हा शब्द दुकानात रुळला असला तरी घरात आम्ही अजून बाबागाडीच म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहितो. आम्ही जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे. आमच्यातले काही बाबागाड्या विकतात, काही दुरुस्त करतात, बाकीचे आईबाप आणि आजीआजोबा. विमानातून उतरलेल्या गाड्या शेवटी दुरुस्तीच्या टेबलावर येतात, त्यामुळे कोणता भाग कुठे मोडतो हे आम्हांला पाठ आहे.

खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगी पुण्याहून, हैदराबादहून सातव्या महिन्यात येते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत निघते. पूर्वी हा प्रवास रेल्वेचाच होता. डिसेंबर 2017 मध्ये उडान योजनेतून जळगाव-मुंबई विमान सुरू झालं, मध्ये खंड पडला, आणि 2024 पासून कुसुंब्याच्या विमानतळावरून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं ऐकू यायला लागली. ज्यांना जळगावचं वेळापत्रक जुळत नाही ते रस्त्यानं चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर), ओझर (नाशिक) नाहीतर सुरत गाठतात. म्हणजे विमानतळाच्या दारात पोचेपर्यंत बाळाचे तीन-चार तास गाडीत गेलेले असतात. अशा बाळंतिणीला 'बाबागाडी इथेच ठेवा, बाळ हातात घ्या' हे वाक्य किती जड जातं, याचा हिशोब करून पाहा. देशांतर्गत उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. तो तास, त्याआधीची रांग, उड्डाण, उतरल्यावरचं चालणं आणि सामानाच्या पट्ट्यापाशी थांबणं, हे सगळं पाच-सहा किलोचं बाळ हातावर घेऊन. खांद्याला दुपट्यांची पिशवी. सिझेरियन झालेलं असेल तर टाके अजून ओढतात.

यावर काउंटरवर एक सल्ला हमखास मिळतो: 'केबिनमध्ये मावेल अशी छोटी गाडी घ्या ना.' सल्ला देणाऱ्यानं टेप लावून पाहिलेली नसते. तुमच्या हातसामानाचं प्रचलित माप 55 × 35 × 25 सेंटिमीटर आणि सात किलो. विमानात नेता येते म्हणून जगभर खपणाऱ्या एका तीन घड्यांच्या गाडीची घडी होते 52 × 44 × 18 सेंटिमीटर, वजन सहा किलोच्या आसपास. लांबी बसते, जाडी बसते, रुंदी नऊ सेंटिमीटरनं बाहेर. म्हणजे कंपनीची जाहिरात खरी आणि तुमचा नियमही खरा, मधल्या मध्ये गिऱ्हाईक खोटं पडतं. त्यात आपल्याकडच्या लहान विमानतळांवर एटीआर 72 हे पंख्याचं छोटं विमान उतरतं. त्याचे डोक्यावरचे कप्पे मोठ्या जेटच्या मानानं उथळ असतात, तिथे ही घडी बसवायची म्हणजे शेजारच्या चार जणांच्या बॅगा खाली काढाव्या लागतील.

दुसरी गोष्ट मापापेक्षा मोठी आहे. या छोट्या गाड्यांची बैठक बहुतेक पूर्ण सपाट होत नाही. बाळ साधारण सहा महिन्यांचं होऊन नीट बसायला लागेपर्यंत त्याला अशा अर्धवट बैठकीत ठेवू नये, असं बनवणारे स्वतः पुस्तिकेत छापतात. मान न धरलेलं बाळ अशा बैठकीत घसरतं, हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. तान्ह्या बाळाला सपाट झोपवणारी गाडी लागते. तिची बैठक लांब, सांगाडा रुंद, वजन आठ ते अकरा किलो. ती केबिनमध्ये मावणारच नाही आणि मावावी असा आमचा आग्रहही नाही. आमचं म्हणणं एवढंच की बाळंतपण करून निघालेल्या बाईला छोटी गाडी घ्यायला सांगणं हे उत्तर नाही. ती गाडी तिच्या बाळाची नाहीच.

आता गाडी शिडीपर्यंत का जाऊ शकते, ते बघू. एटीआर 72 मध्ये प्रवासी मागच्या डाव्या दारानं चढतात. सामानाचं मोठं दार पुढे, त्याच डाव्या बाजूला. विमानाची एकूण लांबी 27 मीटर. सामानाच्या दाराचा उंबरा इतका खाली की उभा माणूस हातानं सामान आत सरकवतो, सरकपट्ट्याचं यंत्र लागत नाही. मध्ये पंखा असल्यानं प्रवाशानं स्वतः पुढे जायचं नाही, हे बरोबरच आहे. पण शिडीच्या पायथ्याशी घडी केलेली गाडी तुमच्या माणसानं उचलायची आणि सुरक्षित वाटेनं पुढच्या दारात ठेवायची, हे दोन मिनिटांचं काम आहे. एरोब्रिजचा, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारात नेणाऱ्या बंद पुलाचा, प्रश्नच नाही, कारण लहान विमानतळावर सगळे विमान उभं असतं त्या फरशीवरून चालतच जातात. जिथे हे सर्वांत सोपं, तिथेच काउंटरवर गाडी काढून घेतली तर त्याला कारण सापडत नाही.

मोठ्या विमानात अडचण खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. गाडी एरोब्रिजच्या टोकाशी दिली की कुणीतरी ती बाजूच्या लोखंडी जिन्यानं खाली न्यायची, सामानाच्या पोटात चढवायची, आणि पलीकडच्या गावी दुसऱ्या कुणीतरी तशीच जिन्यानं वर आणायची. दोन उड्डाणांमध्ये अर्धा-पाऊण तास, त्यात इंधन, सफाई, सामान. वर आणणारा माणूस मिळाला नाही की गाडी इतर बॅगांबरोबर पट्ट्यावर जाते. प्रवासी दाराशी उभा राहून वाट बघतो, मागून 'सर, बेल्टवर मिळेल' असा आवाज येतो. हे टाळायला जादू लागत नाही. शेवटी चढवलेलं सामान आधी उतरतं. बाबागाड्या सर्वांत शेवटी, दाराजवळ, बाकी ढिगाच्या वर ठेवल्या की उतरवताना पहिल्या हाताला लागतात. त्यासाठी टॅग वेगळ्या रंगाचा हवा आणि विमान निघताना पुढच्या स्थानकाला 'बाबागाड्या दोन, दाराशी द्यायच्या' एवढा निरोप हवा. चाकांच्या खुर्चीचा निरोप जसा आधी जातो, तसाच.

जोडविमान असेल तर घोळ वाढतो. गाडीवर अंतिम ठिकाणाचा टॅग लागतो आणि मधल्या विमानतळावरचे तीन तास बाळ पुन्हा हातावर. आजी बिचारी 'आते काय करानं?' म्हणत शालीची घडी करून खुर्चीवर अंथरते. काही मोठ्या विमानतळांवर वापरायला फुकट गाड्या ठेवलेल्या असतात, पण त्या कुठे मिळतात हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं कुणाला हेही.

आता मोडण्याबद्दल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण 'सामान म्हटलं की आदळणारच' हे उत्तर आम्हांला मान्य नाही. गाडी एका ठरावीक पद्धतीनं मोडते.

सगळ्यांत आधी जातात पुढची चाकं. ती गोल फिरणारी असतात, एका उभ्या खिळीवर बसवलेली. घडी केल्यावर हाच भाग सांगाड्याच्या बाहेर येतो. गाडी उभी ठेवून ढकलली किंवा वरून वीस-पंचवीस किलोची बॅग पडली की सगळा भार त्या खिळीवर येतो, आणि खिळी वाकते किंवा तिच्याभोवतीचं प्लास्टिक चिरतं. दुसरा नंबर मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या ब्रेकच्या सळईचा. ती जराशी वाकली तरी एका चाकाला ब्रेक लागतो, दुसऱ्याला लागत नाही. वरून बघून हे कळत नाही, उतारावर कळतं. तिसरा, घडीचा खटका. पट्ट्यावर सरकताना खटका सुटला की सांगाडा अर्धा उघडतो, कोपऱ्यावर अडकतो, मागच्या बॅगा त्याला रेटतात आणि नळी मुडपते. बैठकीचे सुटे पट्टे रोलरमध्ये जातात ते वेगळंच, मग तुमचाच पट्टा थांबतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर फाटलेलं कापड शिवता येतं, मुठीचा स्पंज बदलता येतो, रिव्हेट काढून नवा ठोकता येतो. ॲल्युमिनियमची पातळ नळी मात्र एकदा मुडपली की सरळ करताना तडकते. साध्या वेल्डिंगवाल्याकडे ती जोडलीही जात नाही. प्लास्टिकचा सांधा गेला तर गाडी गेलीच, कारण आयात गाड्यांचे सांधे इथल्या बाजारात मिळत नाहीत. आणि चिरलेल्या खटक्याची गाडी वापरणं धोक्याचं. बाळ आत असताना घडी मिटली तर बोटं सापडतात.

यावर तुम्ही काय करता? गाडी घेतानाच एक टॅग पुढे करता आणि सही मागता. त्यावर चौकटी असतात: नाजूक वस्तू, पॅकिंग अपुरं, आधीच नुकसान झालेलं. न बघताच दोन-तीन चौकटींवर खुणा होतात. कोरी करकरीत गाडीसुद्धा 'आधीच नुकसान झालेली' म्हणून विमानात चढते. मागे रांग असते, बाळ रडत असतं, माणूस सही करून मोकळा होतो. पुढे तक्रार केली की हीच सही दाखवली जाते.

शिवाय वाहतुकीच्या अटींमध्ये बऱ्याच ठिकाणी एक वाक्य सापडतं: चाकं, मुठी, पट्टे आणि बाहेर आलेले भाग यांच्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही. सूटकेसला ते कसंबसं लागू पडेल. बाबागाडीतून चाकं, मूठ, पट्टे आणि बाहेर आलेले भाग वजा करा. उरतं ते छत आणि कापड.

कायद्याचं माप आम्हांला ठाऊक आहे. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची कमाल जबाबदारी प्रवाशामागे 20,000 रुपये आहे. 1972 च्या कॅरेज बाय एअर कायद्यात विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा 1999 चा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार समाविष्ट आहे. त्यानुसार सोपवलेल्या सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करता येते, आणि कंपनीची जबाबदारी ठरलेल्या मर्यादेखाली ओढणारी अट रद्दबातल ठरते. वस्तूतच मुळात दोष असेल तर कंपनीची त्यापुरती सुटका आहे, ते योग्यच. पण दोष आहे हे कुणीतरी गाडी बघून ठरवायला हवं. आधीच छापलेली चौकट ते ठरवू शकत नाही.

सुरक्षा तपासणी तुमच्या हातात नाही, हे माहीत आहे. तरी तिथली अडचण कळावी. हातसामानाच्या नेहमीच्या एक्स-रे यंत्राचं तोंड साधारण 60 × 40 सेंटिमीटर असतं. छत्रीसारखी मिटणारी गाडी लांब असली तरी बारीक असते, ती आडवी सरकून जाते. रुंद सांगाड्याची सपाट गाडी जात नाही, ती हातानं तपासावी लागते. दोन्ही वेळा बाळाला उचलावंच लागतं. एकटी आई असेल तर एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातानं घडी. चांगल्या गाडीच्या घडीला मुद्दाम दोन खटके दिलेले असतात, अपघातानं मिटू नये म्हणून. ते एका हातानं उघडतच नाहीत. तिथे तुमचा एक कर्मचारी दोन मिनिटं उभा राहिला तर रांगही पुढे सरकेल.

आणि ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला जातो. सिमेंटच्या फरशीवर उभी केलेली गाडी, काळ्या कापडाची, पट्ट्याच्या कुलुपाला धातूची पट्टी. पाच मिनिटांत ती पट्टी अशी तापते की मोठ्यांनाही तिच्यावर बोट टेकवता येत नाही. उतरल्यावर गाडी दिलीत तर ती विमानाच्या सावलीत द्या, एवढी साधी मागणी आहे. पावसाळ्यात उलटं होतं: ओली गाडी घडी करून पिशवीत कोंबली जाते आणि दोन दिवसांत कापडावर बुरशीचे ठिपके येतात. उन्हासाठी लोक गाडीला छोटा पंखा लावतात, त्याला खाली पॉवर बँक जोडलेली असते. ती सामानाच्या पोटात जाऊ शकत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते. हे काउंटरवर कुणी सांगत नाही, मग शिडीपाशी उकलाउकल सुरू होते.

आमच्या बाजूनं चुका होत नाहीत असं नाही. गाडीखालच्या टोपलीत बाटल्या, खाऊ, चपला तशाच ठेवून घडी दाबली की खटका बसत नाही, आणि दोष मात्र हमालाला. मुठीला दहा किलोची पिशवी लटकवून गाडीची हातगाडी करणारेही आहेत. बाळ उचललं की ती मागे उलटते. म्हणून गाडी सोपवण्याआधी काय करायचं, ते आम्ही आमच्याकडच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो आणि इथेही लिहितो. टोपली रिकामी. समोरचा आडवा दांडा आणि खाऊचा ट्रे काढून मोठ्या बॅगेत. पुढची चाकं बटण दाबून निघत असतील तर काढून कापडी पिशवीत, पिशवी बैठकीत घट्ट बांधलेली. निघत नसतील तर प्रत्येक चाकाभोवती एक जुना टॉवेल. बाळाचा पट्टा कुलपात अडकवून ओढून घ्यायचा. घडी केल्यावर खटका 'टक्' वाजला पाहिजे, तो वाजला तरी वरून दोन ठिकाणी इंचभर रुंदीचे पट्टे आवळायचे. सुतळी नको, ती रोलरमध्ये जाते. नाव आणि फोन सांगाड्याच्या नळीवर, कापडावर नाही. वर जाड पिशवी. आणि देताना चार फोटो: पुढून, मागून, चाकं, खटका.

परत मिळाल्यावर दालनाबाहेर पडण्याआधी गाडी उघडायची. दोन्ही बाजूंचे खटके ऐकायचे, बैठकीवर दोन्ही हातांनी दाब द्यायचा, ब्रेक लावून गाडी पुढे ढकलायची. दोन्ही मागची चाकं अडली पाहिजेत. काही बिघडलं असेल तर तिथल्या तिथे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे पीआयआर, लिहून घ्यायचा. घरी जाऊन केलेल्या फोनला कुणी विचारत नाही. उत्तर आलं नाही तर तक्रारीसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे.

आम्ही आमचं एवढं करू. तुमच्याकडून काय हवं ते आता स्पष्ट लिहितो.

बाळ सोबत असेल तर बाबागाडी शिडीच्या पायथ्यापर्यंत किंवा विमानाच्या दारापर्यंत वापरू द्या, आणि उतरल्यावर तिथेच द्या. ज्या विमानतळावर हे खरोखर शक्य नाही, त्याचं नाव तिकीट काढतानाच दाखवा, म्हणजे माणूस बाळाला अंगावर बांधायची झोळी तरी सोबत घेईल. गाडीला वेगळ्या रंगाचा टॅग लावा, ती शेवटी चढवा, आधी उतरवा.

जबाबदारी झटकणाऱ्या टॅगवर खुणा करायच्या असतील तर गाडी उघडून, प्रवाशासमोर बघून करा. काही बिघाड नसेल तर 'बिघाड नाही' अशीही एक चौकट छापा. चाकं, मुठी, पट्टे वगळणारं वाक्य बाबागाडी आणि चाकांच्या खुर्चीला लागू नाही, असं लिहा. चाकांच्या खुर्चीचं नाव मुद्दाम घेतलं. तीही कुणाचं तरी चालणं आहे.

केबिनमध्ये कोणत्या मापाची घडी चालते ते सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि एटीआरसाठी वेगळं लिहा. 'छोटी असेल तर चालेल' हे माप नाही.

लहान विमानतळांच्या व्यवस्थापकांकडे वेगळी मागणी: दालनात तीन-चार साध्या बाबागाड्या ठेवा, त्यांतली निदान एक पूर्ण सपाट होणारी. आम्ही विकतो म्हणून किंमत सांगतो, साध्या गाड्या चार-पाच हजारांत येतात. महिन्यातून एकदा चाकांना तेल आणि खटक्यांची तपासणी लागेल. ती करून द्यायला आमच्यातले कारागीर तयार आहेत, त्याचे पैसे नकोत.

सगळं एकदम जमणार नसेल तर निदान त्या एका मोफतच्या ओळीखाली या पाच ओळी छापा. मजकूर आम्हीच लिहून देतो:

'बाबागाडी शिडीपर्यंत नेता येईल. उतरल्यावर ती शिडीपाशी मिळेल. न मिळणार असेल तर चढण्याआधी सांगण्यात येईल. सोपवताना आणि परत देताना गाडी दोघांसमोर तपासली जाईल. चाकांसह कोणत्याही भागाचं नुकसान झाल्यास कायद्यातील मर्यादेपर्यंत भरपाई मिळेल.'

कळावे,

खान्देशातले काही आईबाप, आजीआजोबा
आणि बाबागाड्या विकणारे-दुरुस्त करणारे
जळगाव, धुळे, नंदुरबार